दार वाजत होतं

चावीवाल्याच्या घराला जितकी कुलपं होती तितकी एखाद्या सराफाच्या दुकानालाही नसतील. गॅलरीच्या दाराला कुलूप, खिडक्यांच्या जाळ्यांना कुलूप, न्हाणीतल्या पाण्याच्या पिंपाच्या झाकणालासुद्धा कुलूप. शेजारीपाजारी हसायचे. धंदा चालत नाही वाटतं, माल घरीच खपवतोय, म्हणायचे. हसायला त्यांचं काय जात होतं! ज्याचं जळतं त्यालाच कळतं. घरात चोरून नेण्यासारखं काहीच नव्हतं. ती सगळी कुलपं आतली मनी बाहेर जाऊ नये, पाण्यात शिरू नये म्हणून होती.

मनी म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी, नऊ वर्षांची. कागदोपत्री नाव वेगळं होतं, पण मांजरासारखी पाऊल न वाजवता चालायची म्हणून बापानेच लाडाने मनी म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे त्या पाऊल न वाजण्याचीच त्याला धडकी भरायला लागली. मनी बोलत नव्हती. हाक मारली तर ओ देत नव्हती. आणि दार जरा उघडं दिसलं की निघायची, पाणी असेल तिकडे. एकदा ती एका बांधकामावरच्या हौदात उभी सापडली, कमरेएवढ्या पाण्यात, हाताने पाणी उडवत, खुदुखुदु हसत. बापाने तिला उचलून बाहेर काढलं तेव्हा तिच्या अंगावरून पाणी निथळत होतं आणि त्याच्या अंगावरून घाम. त्या दिवशी जी भीती त्याच्या पोटात शिरली ती भाडेकरूसारखी ठाण मांडून बसली. जेवताना, झोपताना, गिऱ्हाइकाशी बोलताना ती आतून हलायची.

त्याची टपरी बँकेच्या भिंतीला टेकून होती. तारेवर ओळीने लटकणाऱ्या कोऱ्या चाव्या, एक चावी कापायचं मशीन, चार कानशी आणि बसायला एक तिपाई, एवढाच पसारा. चावी कापून होईपर्यंत गिऱ्हाईक समोरच उभं राहायचं, आणि रिकामं उभं राहिलेलं माणूस गप्प कसं राहील? त्यातून त्याच्या मुलीबद्दल सगळ्या गल्लीला ठाऊक. ऑटिझम आहे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. मराठीत स्वमग्नता म्हणतात, असंही सांगितलं होतं. स्वमग्न म्हणे! अहो, दोन मजले खाली कुणी कुकर लावला तरी जिला आधी ऐकू येतं ती कसली स्वमग्न? पण शब्द एकदा चिकटला की चिकटला.

"लस टोचल्यामुळे होतं म्हणे हे?" एखादा विचारायचा.

"नाही हो. लशीचा काही संबंध नाही. तपासून झालंय ते, एकदा नाही, कितीदा तरी."

"आईने मोबाइल हातात दिला असेल लहानपणी."

"आमच्याकडे तेव्हा मोबाइल नव्हताच."

"मोठी झाली की जाईल आपोआप."

"पडसं आहे का ते, जायला? ती तशीच राहणार. तशीच राहून शिकणार."

"पण अशी मुलं गणितात पक्की असतात ना? तारीख सांगितली की वार सांगतात?"

"तिला वार विचारून बघा. तुमच्या शर्टाचं बटण चघळून दाखवेल."

मोठ्या दवाखान्यात मनीला शिकवणाऱ्या बाई आईबापांनाही शिकवायच्या. तिथे शिकलेलं सगळं त्याने मंत्रासारखं पाठ केलं होतं आणि येईल त्याला ऐकवायचा. पालथ्या घड्यावर पाणी, पण ऐकवायचा. फक्त एक प्रश्न आला की त्याची कानस थांबायची. तो प्रश्न वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारला होता. पोस्टातून निवृत्त झालेली बाई, मनाने वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. "भाऊजी, राग मानू नका," त्या म्हणाल्या होत्या, "पण अशा मुलांना माया नसते म्हणतात. उद्या आई समोर मेली तरी डोळ्यांतून टिपूस यायचं नाही. खरंय का हो?"

"खोटं आहे," तो म्हणाला होता. "माया असते. दाखवायची रीत वेगळी असते."

उत्तर बरोबर होतं. पाठही होतं. पण त्याला स्वतःला ते पटलं होतं का? मनी कधी त्याच्या गळ्यात पडली नाही. तो तापाने फणफणला होता तेव्हा त्याच्या अंगावरून पलीकडे गेली, जशी पसरलेल्या चादरीवरून जाते. आपण मेलो तर हिला कळेल का, आणि नाही कळलं तर हिचं पुढे कोण करेल, या विचाराने त्याच्या काळजाचं पाणी पाणी व्हायचं. बायकोला त्याने हे कधी सांगितलं नाही. तीही कधी बोलली नाही, पण ती शिंप्यांची काज-बटणं करायला घरी आणायची आणि सुई ओवताना मध्येच मनीकडे बघत बसायची. ती काय विचार करते ते त्याला न सांगता कळायचं.

मनीला वाजवायची सवय होती. नखांनी ताटलीवर, चमच्याने डब्यावर, बोटांनी भिंतीवर, ठक ठक ठक, मनात येईल तितका वेळ. वहिनी वरून काठी आपटायच्या. मग चावीवाला जिना चढून जायचा आणि समजावून सांगायचा, की वहिनी, एकसारखा आवाज केला की या मुलांना बरं वाटतं, आपण पाय हलवतो ना तसं. वहिनी म्हणायच्या, मला नाही बरं वाटत त्याचं काय? तरी काठी जरा हळू आपटायच्या.

राहता राहिलं पुढचं दार. मनीने कडी काढायला शिकून घेतलं. मग त्याने खिट्टी बसवली, तर स्टूल लावून तीही काढली. कुलूप लावलं, तर आईच्या उशीखालून चावी. शेवटी त्याने स्वतःच्या हाताने पोलादी पत्र्याचं दार केलं आणि त्याला आतून-बाहेरून चावीनेच उघडणारं कुलूप बसवलं. चावी एकच. ती त्याच्या गळ्यातल्या गोफात. दुसऱ्या कुणाचं घर असतं तर त्याने स्वतःच डोळे वटारले असते. पण स्वतःच्या घराच्या बाबतीत उंटावरचा शहाणा झाला.

"आणि मला काही झालं तर?" बायको म्हणाली होती.

"मी बँकेपाशी तर असतो. हाकेच्या अंतरावर."

"आणि लांब गेलात तर?"

"नाही जाणार," तो म्हणाला. आणि बहुतेक वेळा गेलाही नाही.

त्या दिवशी मात्र गेला. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका कचेरीतल्या कपाटाची चावी हरवली होती, आणि नाही म्हणावं असं ते गिऱ्हाईक नव्हतं. निघताना बायकोने माळ्यावरची ट्रंक काढायचं बोलून दाखवलं. तो म्हणाला, मी आल्यावर काढू. मनी खिडकीशी बसून डब्याच्या झाकणावर बोटं वाजवत होती. त्याने दार ओढून घेतलं, चावी फिरवली, आणि खाली उतरताना सवयीने गळ्याशी हात लावून ती आहे ना ते पाहिलं.

कपाटाच्या कुलपात तार घालून तो कान लावून बसला होता तेव्हा पहिला फोन आला. वहिनी.

"भाऊजी, तुमच्या मनीने आज उच्छाद मांडलाय. केव्हाची वाजवतेय. मी काठी आपटून आपटून थकले."

"होईल शांत, वहिनी," तो फोन खांद्याशी धरून म्हणाला. हात तारेवरच होते. "सवय आहे तिची. आवाजाने बरं वाटतं तिला. आई आहे ना घरात."

"आईने तरी सांगावं की तिला!"

"सांगून थांबायचं असतं तर काय हवं होतं," तो हसून म्हणाला आणि फोन ठेवला. कुलूप हट्टी होतं. त्याने तार बदलली. कचेरीतला शिपाई चहा घेऊन आला, दोघे कुलपांबद्दल बोलले, शिपायाने आपल्या मेहुण्याच्या घरी झालेल्या चोरीची गोष्ट सांगितली. तो ऐकत होता, हसत होता. पुढे कित्येक दिवस समोर चहा आला की तो कप बाजूला सारायचा.

कपाट उघडलं आणि पुन्हा फोन वाजला.

"भाऊजी, अजून चालूच आहे हो. आणि तुमच्या घरातून कुणी फोन उचलत नाही. मी खाली जाऊन हाकाही मारल्या."

"न्हाणीत असेल ती."

"इतका वेळ?"

आता कुठे त्याने फोन खांद्यावरून हातात घेतला. "वहिनी," त्याने विचारलं, "कशावर वाजवतेय मनी?"

"दारावर, दुसरं कशावर! तुमच्या त्या पोलादी दारावर. अख्खा जिना दणाणतोय."

त्याच्या हातातली तार खाली पडली. मनी आणि ते दार? त्या पत्र्याचा आवाज तिला सहन होत नव्हता. रोज सकाळी तो दार ओढून घ्यायचा तेव्हा ती दोन्ही कानांवर हात दाबून आतल्या खोलीत पळायची. जो आवाज ऐकून तिला रडू फुटायचं तोच आवाज ती स्वतःच्या हाताने करत होती, आणि कधीपासून? त्याने पहिला फोन खांद्यावर धरून हसून ठेवला त्याच्याही आधीपासून.

"वहिनी, दार फोडा!" तो ओरडला. "कुणालाही बोलवा, पण फोडा!"

तो हत्यारं तिथेच टाकून धावत सुटला. टॅक्सी मिळाली. फोन चालू ठेवा, त्याने वहिनींना सांगितलं होतं, दाराशीच उभ्या राहा. कानाला लावलेल्या फोनातून लांबून आवाज येत होता. ठण. ठण. ठण. मध्येच माणसांची बोलणी. कोपऱ्यावरचा सुतार पहार घेऊन आला होता. पहार वाकली, दार नाही. कसं वाकेल? ते दार कुणाच्या बापाला फुटू नये असंच केलेलं होतं. आणि ते करणारा बाप इकडे चौकातल्या गर्दीत अडकून ड्रायव्हरच्या पाठीशी गयावया करत होता, "दादा, काढा ना गाडी, काढा ना हो."

ठण. ठण. ठण.

मघाशी तो म्हणाला होता, होईल शांत. आता तो जीव मुठीत धरून एकच मागत होता, की शांत होऊ नकोस. बाळा, वाजव. तो आवाज थांबला तर तिलाही काही झालं असं समजायचं. घरात गॅस होता, सुरी होती, त्याच्या हाताने बंद केलेल्या खिडक्या होत्या. एकदा आवाज दोन क्षण थांबला तर त्याने फोन कानात घुसेल इतका दाबला. मग पुन्हा ठण झालं आणि तो त्या टॅक्सीत तोंडावर हात दाबून हुंदका देऊन रडला. ड्रायव्हरने आरशातून बघितलं आणि काही न विचारता गाडी फुटपाथच्या कडेने काढली.

जिन्यात सगळी चाळ जमली होती. त्याने गळ्यातली चावी ओढली, गोफ तुटला. जन्मभर कुलपं उघडणाऱ्या माणसाला भोक सापडेना. वहिनींनी त्याचं मनगट धरलं तेव्हा चावी आत गेली.

दारामागे मनी उभी होती. एका हातात भात वाढायची पळी. दुसरा हात कानावर घट्ट, आणि उरलेला कान खांद्यावर दाबून धरलेला, मान वाकडी करून. चेहरा रडून सुजलेला. दार आत सरकलं तशी तीही दाराबरोबर सरकली आणि पळी पुन्हा पत्र्यावर आपटली. तिने बापाकडे पाहिलंच नाही.

तिच्या मागे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, आडवी पडलेली ट्रंक आणि तिच्याजवळ मनीची आई. डोक्याखाली रक्ताचं थारोळं. डोळे मिटलेले. त्याने नाकाशी बोट धरलं. श्वास होता, पण असून नसल्यासारखा.

पुढचं सगळं लोकांनी केलं. कुणी ॲम्ब्युलन्स बोलावली, कुणी डोक्याला फडकं बांधलं. आणि त्या सगळ्या धावपळीत मनी वाजवतच होती. स्ट्रेचर तिच्या अंगाला घासून गेलं, तरी ठण, ठण. जिन्यातून एक बाई म्हणाली, "आई रक्ताच्या थारोळ्यात, आणि हिचं बघा! म्हणतात ते काही खोटं नाही."

चावीवाला तिच्यावर ओरडला नाही, कारण त्याच्या मनातही तेच येऊन गेलं होतं. बाप असून आलं होतं. दार उघडलंय, बाप आलाय, आईला नेताहेत, मग आता का वाजवतेय ही? त्याने पळी हिसकावून घेतली. तिने उघड्या तळहाताने वाजवायला सुरुवात केली. तळहात लालबुंद.

"वहिनी, तुम्ही थांबाल हिच्यापाशी?"

"मी? एकटी?" वहिनी दोन पावलं मागे सरकल्या. "भाऊजी, चावली-बिवली तर?"

"ती कुणाला चावत नाही हो." त्याने चावी त्यांच्या हातात कोंबली. वहिनींनी चावीकडे पाहिलं, मनीच्या हाताकडे पाहिलं, आणि पदर खोचला. "जा तुम्ही," त्या म्हणाल्या.

दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसाची अवस्था काय सांगायची? आत नेलेल्या बायकोची भीती एकीकडे, घरी सोडलेल्या मुलीची दुसरीकडे. ही गेली तर? मग मनीचं काय? आपण सकाळी दार ओढून घेऊन कामाला जायचं, आणि आत कोण? हे विचार त्याने आजवर कितीदा केले होते, पण तेव्हा ते पुढचे होते, कधीतरीचे. आता ते त्या बाकावर त्याच्या मांडीला मांडी लावून बसले होते. त्याने वहिनींना फोन लावला.

"चालूच आहे," वहिनींचा आवाज बारीक झाला होता. "दूध दिलं, घेत नाही. ओढलं की किंचाळते. हात फुटेल हो पोरीचा. मी दारावर रजई धरून उभी आहे. निदान मऊ तरी लागेल."

फोनमधून आता ठण येत नव्हतं. धप, धप, धप असं येत होतं.

डॉक्टर बाहेर आले. बसूनच त्याने ऐकलं. डोक्याला टाके पडले होते, रक्त बरंच गेलं होतं. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. आता धोका टळलाय, शुद्ध येतेय, पण जास्त बोलू देऊ नका.

तिने डोळे उघडले. त्याला ओळखलं. आणि पहिला शब्द तोंडातून निघाला तो, "मनी?"

"घरी आहे. वहिनी आहेत. काळजी करू नकोस." मग त्याच्याने राहवलं नाही. "अजून वाजवतेय गं. कुणाचं ऐकत नाही."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. "अजून?" ती म्हणाली. "अहो, मीच सांगितलं तिला. पडले ना, तर उठता येईना. फोन वर, हात पोचेना. ती येऊन बसली माझ्याजवळ. मी म्हटलं, मने, पळी घे, दार वाजव. आई थांब म्हणेपर्यंत थांबायचं नाही." तिला धाप लागली. "मग मला काही कळलंच नाही."

त्याने फोन लावला. "वहिनी, फोनचा आवाज मोठा करा आणि मनीच्या जवळ धरा. काही विचारू नका, धरा."

धप. धप. धप.

त्याने फोन बायकोच्या तोंडाशी धरला. तिचा आवाज कुजबुजीएवढाच होता. "मने," ती म्हणाली. "आईला बरं आहे. बाबा आले. झालं बाळा. थांब आता."

आवाज थांबला.

मग पलीकडून वहिनींचं रडणं ऐकू आलं. "थांबली हो," त्या म्हणाल्या. "खाली बसली. मी हिला दुपारभर काठी आपटून गप्प बस म्हणत होते, भाऊजी. गप्प बस म्हणत होते मी हिला!"

"हात गार पाण्यात धरा तिचे," बायको म्हणाली. "पाण्यात घालायला नाही म्हणणार नाही ती."

फोन बंद झाल्यावर चावीवाला खाटेच्या कडेला बसला. सांगायला तर हवंच होतं. "वहिनींचा पहिला फोन आला होता मला," तो म्हणाला. "खूप आधी. मी म्हटलं, सवय आहे तिची. होईल शांत."

बायकोने डोळे मिटले. तो घाबरला, पुन्हा शुद्ध गेली की काय. पण ती जागी होती. मिटल्या डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे ओघळत होतं.

"मी तर तिची आई," ती म्हणाली. "वाजव म्हणून सांगितलं, पण मलाही वाटलं होतं, दोन मिनिटं वाजवेल आणि खिडकीशी जाऊन बसेल."